जस्ताचं सोवळं

कल्याणरामांच्या घरातून सोवळं फार वर्षांपूर्वी निघून गेलं होतं. गेलं ते थेट त्यांच्या प्रयोगशाळेत राहायला गेलं.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत जी मराठी घरं उरली आहेत, त्यांत सोवळ्याला मडी म्हणतात. कल्याणरामांची आई मडीत असताना तिला कुणी शिवलं की पुन्हा अंघोळीला जायची. कॉलेजात शिकणारा तिचा मुलगा यावर मोठ्याने हसायचा. तोच मुलगा आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा होता, भातशेतीच्या मातीतलं जस्त मोजत होता, आणि त्याच्या खोलीत कुणी न विचारता पाऊल टाकलं तर मागून फरशी पुसून घेत होता.

त्याला तसं कारणही होतं. जस्त, म्हणजे सगळे ज्याला झिंक म्हणतात ते, भाताला लागतं अगदी कणभर. पण तो कण नसला तर रोपं खुरटतात, खालच्या पानांवर गंज चढल्यासारखे तांबूस डाग पडतात. मोजायचंच इतकं थोडं, की बाहेरून जरासं आत शिरलं तरी आकडा खोटा. आणि शिरायला त्याला कुठलीही वाट चालते: पत्र्याची बादली, पितळेची चाळणी, रबर बँड, हातमोज्यांची पूड. कल्याणरामांनी हे सगळं एकेक करून हद्दपार केलं. चाळणी नायलॉनची, डबे प्लॅस्टिकचे. अग्निनक्षत्राच्या, म्हणजे ऐन मे महिन्यातल्या काहिलीच्या दिवसांत घामोळ्याची पावडर लावून आलेल्या माणसाला ते दारातूनच परत पाठवत, कारण त्या पावडरीत झिंक असतं. मातीचे नमुने उतरवून घेणाऱ्या धनलक्ष्मीने एक अख्खा मे महिना पाठ खाजवत काढला होता. तेव्हापासून तिने त्या खोलीचं नावच ठेवलं होतं, सारांची मडी.

"तुमच्या आईंनी देवाला एवढं जपलं नसेल," ती एकदा म्हणाली.

"देवाचा आकडा काढायचा नसतो," कल्याणराम म्हणाले.

पण एवढं जपून काढलेल्या आकड्यावरच त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचं दुखणं हेच होतं.

रीत अशी होती: शेतातली माती आणायची, सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, एका द्रावणात दोन तास हलवायची आणि गाळून यंत्राला पाजायची. आकडा १.२ च्या वर आला की पुरेसं, खाली आला की कमतरता. रीत चांगली होती, जगभर चालत होती. फक्त भात कोरड्या मातीत उभा राहत नाही. तो महिनोन् महिने पाण्यात उभा राहतो. पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही, तिचं सगळं रसायन बदलतं, आणि एरवी मुळांच्या हाती लागणारं जस्त मातीत अडकून बसतं. तीच माती वाळवली की हवा आत शिरते आणि अडकलेलं जस्त पुन्हा थोडंफार सुटतं.

कल्याणराम हे समजावून सांगायचे ते असं: "बुडालेल्या माणसाला बाहेर काढायचं, अंग पुसायचं, कोरडे कपडे द्यायचे, कॉफी पाजायची. आणि मग विचारायचं, पाण्याखाली कसं काय वाटत होतं? तो काय सांगणार? बरं आहे म्हणणार."

त्यांना ओली माती ओलीच मोजायची होती. पाण्याखालून काढायची, हवा न लागू देता बाटलीत काठोकाठ भरायची आणि तशीच द्रावणात घालायची. हे त्यांनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक वरिष्ठाला सांगितलं. वरिष्ठ मान डोलवायचे आणि बदलून जायचे.

शेवटच्या वरिष्ठ वासुकी. वयाने त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सार, तुमचं म्हणणं पुस्तकात आहे. ते चूक आहे असं मी म्हणतच नाही. पण ओली माती चाळता येत नाही, ठेवता येत नाही, दहा माणसांनी मोजली तर दहा उत्तरं येतात. मग मी वरच्यांना काय सांगू? मला आपल्याकडचं एक शेत दाखवा. वाळलेली माती म्हणते पुरेसं, पीक म्हणतं नाही, आणि तुमची ओली माती पिकाच्या बाजूने बोलते. असं एक शेत आणा, ओरत्तनाडूला कृषी खात्याची बैठक आहे, तिथे मी तुम्हाला उभं करते."

बैठक ऑगस्टमध्ये होती. कल्याणरामांची निवृत्ती पुढच्या मे महिन्यात. म्हणजे हातात हा एकच कुरुवै, जूनमध्ये लावायच्या भाताचा, हंगाम. एवढ्यात ते शेत सापडलं नाही तर ओली माती त्यांच्याबरोबरच घरी जाणार होती, निरोपाच्या शालीत गुंडाळून.

शेत सापडलं ते पापनाशममध्ये, सख्ख्या मेहुण्याचं.

राजगोपाल हे त्यांच्या बायकोचे, भामाचे, थोरले भाऊ. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि आता वडिलोपार्जित शेतावर वर्तमानकाळ शिकत असलेले. त्यांनी चैत्रात माती तपासायला दिली होती. कल्याणरामांनी ती रीतसर वाळवून मोजली आणि २.१ हा आकडा सासुरवाडीच्या पंगतीत बसून स्वतःच्या तोंडाने सांगितला. झिंक टाकायची गरज नाही म्हणाले. राजगोपालांनी टाकलं नाही. भावोजींचा शब्द त्यांना सरकारच्या शब्दापेक्षा मोठा, आणि इथे तर दोन्ही एकच होते.

लावणी झाल्यावर जुलैत त्यांचा फोन आला. त्यांना फारच अवघडल्यासारखं झालं होतं, जणू काही त्यांच्याच हातून आगळीक झाली होती.

"भावोजी, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पानं जरा तांबूस दिसताहेत. माझी नजरच तशी असेल."

"डाग कुठल्या पानांवर आहेत? वरच्या की खालच्या?"

"खालच्या."

"रोपं खुरटलीत?"

"खुरटली आहेत. शेजाऱ्याची गुडघ्याला लागलीत, माझी अजून..."

"छान," कल्याणराम म्हणाले.



दुसऱ्या दिवशी ते बसने पापनाशमला गेले. चिखलात उतरले, प्लॅस्टिकचं नळकांडं पाण्याखाली मातीत दाबून नमुना काढला, बाटल्या काठोकाठ भरल्या. राजगोपाल बांधावर छत्री धरून उभे होते, आजाऱ्याच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने मांडीवरच्या बाटल्या पाहून विचारलं, "काय सार, कषायम का?" कल्याणरामांनी हो, काढाच, म्हणून सांगितलं. त्या दिवशी ते कशालाही हो म्हणाले असते.

संध्याकाळी ओल्या मातीचा आकडा आला, ०.५.

ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते असं निमूट समोर येऊन बसतं तेव्हा माणसाला काय करावं ते कळत नाही. कल्याणराम जेवायला बसले आणि आंबट भाजी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

"अण्णाचं पीक गेलं म्हणून एवढी भूक?" भामा म्हणाली.

"गेलं नाही. झिंक सल्फेट फवारायला सांगितलंय, युरिया घालून. येईल वर."

"येईल हो. पण तुमचा चेहरा बघा आरशात. नातू झाल्यासारखा दिसतोय."

चेहरा कसा दिसतोय ते कल्याणरामांना ठाऊक होतं. एका चांगल्या माणसाच्या शेतावर रोग पडला होता, आणि आपण बरोबर ठरलो या आनंदात त्या माणसाची जागा जरा मागे, कुठेतरी बांधावर होती.

वासुकींनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि शब्द पाळला. बैठकीच्या यादीत कल्याणरामांचं नाव आलं.

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे नदीला ओवाळायच्या सणाला, राजगोपाल बहिणीकडे आले. बरोबर लिंबूभात, नारळ, फुलं आणि बातमी. फवारणी लागू पडली होती, रोपं हिरवी होत होती. सगळं सामान नेहमीसारखं पितळेच्या भांड्यांत होतं. त्या घरची रीतच तशी. जावयाच्या दारी जे जायचं ते पितळेतून जायचं. प्लॅस्टिक नाही, कागद नाही, आणि स्टील म्हणजे तर हॉटेल.

भामा एकेक भांडं रिकामं करत होती. एक गोल पोटाचा चेंबू, म्हणजे तांब्या, हातात घेऊन ती म्हणाली, "हा पुन्हा आणलास? याला आतून अजून डाग आहे बघ, त्या मातीचा."

व्हरांड्यात बसलेल्या कल्याणरामांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"कुठल्या मातीचा?"

"चैत्रात अण्णाने नाही का आणलेली, तुमच्या लॅबसाठी."

"ती तर प्लॅस्टिकच्या पिशवीत होती."

"पिशवीत मी घातली. तुम्हाला पितळ चालत नाही हे मला माहीत नाही का? अण्णाने यातून आणली होती. तुम्ही यायच्या आत मी नव्या पिशवीत ओतली, हातसुद्धा लावला नाही."

राजगोपालांना यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. उलट कौतुकानेच त्यांनी सगळं सांगितलं. चैत्रात पहिला नांगर धरला त्या मुहूर्तावर माती काढली. चेंबू चिंचेने लखलखीत घासला. मातीवर हळदीचं पाणी शिंपडलं, देवापुढे ठेवली. मग गाडी मिळेना, पाहुणे आले, असे काही दिवस गेले. रोज पूजेच्या वेळी थोडं पाणी शिंपडलं जायचं. "शेतची माती जावयाच्या हाती जायची. ती काय प्लॅस्टिकात कोंबून आणू?"

कल्याणराम चेंबूकडे बघत राहिले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे त्या गल्लीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चिंचेने घासलेलं पितळ, ओली माती, आणि मध्ये गेलेले दिवस. आयुष्यभर त्यांनी ज्याला दारातून परत पाठवलं, ते मागच्या दाराने घरात आलं होतं. देवापुढे बसून आलं होतं, आणि त्यांच्या बायकोने त्यांच्याच शिकवणुकीप्रमाणे त्याला स्वच्छ कपडे घालून पुढे पाठवलं होतं.

"काय झालं?" भामाने विचारलं.

"काही नाही. चेंबू छान आहे."

एक शंका मात्र बाकी होती, आणि ती फेडायचा मार्गही होता. सल्फेट पडायच्या आधी काढलेल्या चिखलाची एक बाटली प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये शिल्लक होती. कल्याणरामांनी ती प्लॅस्टिकच्या ताटात उपडी केली आणि सावलीत वाळत ठेवली. हवा लागू दे, अडकलेलं सुटू दे. वाळल्यावर आकडा १.२ च्या वर गेला तर चेंबू निर्दोष आणि सगळं होतं तसंच. त्या दिवसांत ते सारखे ताटाजवळून जायचे. धनलक्ष्मीने पाहिलं आणि विचारलं, "पापड घातलेत का सार?"

वाळलेल्या मातीचा आकडा आला, ०.७.

ओली म्हणत होती कमी आहे, वाळलेलीही म्हणत होती कमी आहे. म्हणजे जगभर चालणारी ती रीत या शेतापुरती अगदी बरोबर होती. चैत्रात ती खोटं बोलली नव्हती, तिला शेताऐवजी चेंबू पाजला गेला होता. आणि कल्याणरामांचं एकुलतं एक शेत कशाचाही पुरावा राहिलं नव्हतं. ते फक्त एक आजारी शेत होतं. राजगोपालांच्या लेखी ते पहिल्यापासून तेवढंच होतं.

बैठकीला अजून अवकाश होता. चेंबूची गोष्ट तिघांना ठाऊक होती, त्यांतल्या एकाला ती गोष्ट आहे हेही कळलं नव्हतं. गप्प राहणं अगदी सोपं होतं. शिवाय ओल्या मातीचं म्हणणं मुळात खोटं नव्हतंच, फक्त हे शेत त्याचा साक्षीदार नव्हतं. खऱ्या गोष्टीसाठी एक खोटा साक्षीदार. वकील रोज उभे करतात.

"बोलणार आहात ना परवा?" भामाने विचारलं. ती चेंबू घासत होती. चिंचेनेच.

"बोलणार आहे."

"काय?"

"आईने काय केलं असतं?"

"मडीत विटाळ झाला तर? पुन्हा अंघोळ," भामा म्हणाली. "आणि पुन्हा पहिल्यापासून स्वयंपाक."

ओरत्तनाडूच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि गावोगावहून आलेली माणसं पेंगत होती. कल्याणरामांनी बुडालेल्या माणसाचा दाखला दिला, कुणी हसलं नाही. मग त्यांनी आकडे सांगितले. आणि मग चेंबू सांगितला. चिंच, हळदीचं पाणी, देवघर, जावई, बायको, नवी पिशवी, सगळं. ज्या शेतावर हा प्रस्ताव उभा होता ते शेत मी मागे घेतो आहे, असं म्हणून ते थांबले.

सभागृह जागं झालं होतं. ओल्या मातीवर एकही प्रश्न आला नाही. चेंबूवर प्रश्नांची रांग लागली.

"सार, एव्हरसिल्व्हर चालेल का, स्टीलचं?"

"चालेल."

"तांब्याचं?"

"नको."

"पत्र्याची बादली तर आम्ही नेहमीच नेतो."

"तीच नेऊ नका म्हणतोय."

"मग आमच्या गावचे मागचे सगळे आकडे?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे एकदम बोलू लागले.

वासुकी शेवटी उभ्या राहिल्या. ओल्या मातीबाबत अधिक अभ्यास व्हावा असं ठरलं, म्हणजे काहीच ठरलं नाही. पण महिन्याभरात फलक निघाला. पितळेचा चेंबू, त्यावर लाल फुली, खाली तमिळमध्ये सूचना. तो तालुक्यातालुक्यांत लागला. धनलक्ष्मी त्याला कल्याणराम फलक म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले. आयुष्यभर पाण्याखालच्या मातीची वकिली केलेल्या माणसाचं नाव राहिलं ते एका भांड्यावरच्या फुलीमुळे. बैठकीच्या दिवशी जेवणाच्या वेळी वासुकी कल्याणरामांना म्हणाल्या होत्या, "सार, तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलं नसतं." कल्याणराम म्हणाले, "मला कळलं असतं, आणि आकडा मी काढतो."

पुढच्या चैत्रात, निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, राजगोपाल पुन्हा गल्लीत आले. हातात पितळेचं मोठं तांबाळम, म्हणजे तबक, त्यात विड्याची पानं, हळकुंडं, लिंबू. आणि पानांच्या मधोमध, नवरदेवासारखी बसवलेली, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि चिखलाने काठोकाठ भरलेली एक प्लॅस्टिकची बाटली.

"फलक वाचला मी," ते कल्याणरामांना म्हणाले. "माती पितळेला लागलेली नाही. फक्त पिशवी लागली आहे. चालतं ना एवढं?"

"चालतं."

"पिशवीत कोरडी आहे. बाटलीत तीच माती, फाल्गुनापासून प्लॅस्टिकच्या बादलीत बुडवून ठेवलेली. तुम्ही नेहमी म्हणता ना, ओली असताना विचारा म्हणून. अस्के जण ऐकतात आणि सोडून देतात. म्हटलं, मी तरी आणतो."

कल्याणरामांनी तांबाळम दोन्ही हातांनी घेतलं. ते आत घेऊन जाईपर्यंत भामाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

कोरडी माती म्हणाली १.५, मागच्या वर्षीचं सल्फेट अजून तिच्यात होतं. ओली म्हणाली ०.८. कल्याणरामांनी दोन्ही पुन्हा मोजल्या. तेच आलं. वाळलेली म्हणते पुरेसं, बुडालेली म्हणते नाही. वासुकींनी मागितलं होतं ते हुबेहूब हेच, फक्त पीक काय म्हणतं ते अजून बाकी होतं. आणि वासुकींची मार्चमध्ये बदली झाली होती. छापील कागदावर एकाच आकड्याला जागा होती. त्यात १.५ गेलं, पुढे पुरेसं असं उमटलं.

तो कागद घेऊन ते स्वतःच पापनाशमला गेले.

"कागद पुरेसं म्हणतो," राजगोपाल वाचून म्हणाले. "तुम्ही काय म्हणता?"

"बाटली कमी म्हणते. पण एका बाटलीने काही सिद्ध होत नाही, अण्णा."

राजगोपालांनी शेताकडे पाहिलं. इतिहास शिकवताना ते असेच खिडकीबाहेर बघत असतील. "मग असं करू. अर्ध्या शेतात झिंक टाकतो, अर्धं तसंच ठेवतो. जुलैत समोरासमोर कळेल. तुम्ही खरे निघालात तर फोटो काढून सगळ्यांना दाखवू. माझं अर्धं पीक गेलं तर गेलं. जावयाला यापेक्षा काय द्यायचं?"

एवढं सोपं, एवढं चोख. अर्धं हिरवं, अर्धं तांबूस, मधला बांध पट्टीने आखल्यासारखा. कल्याणरामांना तो फोटो डोळ्यांपुढे दिसला. त्यातला तांबूस भाग त्यांना जास्त स्पष्ट दिसला, आणि पोटात मागच्या जुलैतली ती भूक पुन्हा हलली. ती त्यांनी ओळखली.

"सगळ्या शेतात टाका," ते म्हणाले.

"पण मग कळणार कसं?"

"कळणार नाही."

मे संपला. शाल मिळाली, नारळ मिळाला. खोलीत नवा माणूस आला, घामोळ्याची पावडर लावून, असं धनलक्ष्मीने फोनवर सांगितलं. जुलैत कल्याणराम आणि भामा पापनाशमला राहायला गेले. भात गुडघ्याच्या वर आला होता, एकसारखा, गर्द. राजगोपाल भेटेल त्याला भावोजींच्या बाटलीची कीर्ती सांगत होते. कल्याणरामांना ठाऊक होतं की झिंक टाकलं नसतं तरीही कदाचित ते असंच आलं असतं. हिरवं पीक कशाचाच पुरावा नसतं.

सकाळी ते बांधावर उकिडवे बसले आणि वाकून रोपांची खालची पानं एकेक करून उलटू लागले. भामा कॉफी घेऊन आली तेव्हा ते बरेच पुढे सरकले होते.

"काय शोधताय?"

"काही नाही."

"सापडलं?"

"नाही," कल्याणराम म्हणाले. चिखलाचे हात धुवायला ते विहिरीकडे निघाले. तिथे जस्ताच्या पत्र्याची बादली होती. त्यांनी तीच भरून घेतली.